बगल गड्डा

सांगलीच्या मार्केट यार्डात सत्तावीस वर्षं मी हळद निवडते.
हळकुंड वेगळं, जेठा गड्डा वेगळा,
जेठ्याच्या कुशीला येतो तो बगल गड्डा,
पोकळ निघालेलं चौथ्या ढिगात.
डोळे मिटूनही सांगते. अडत्याचा पोरगा पैज लावतो
आणि चहा हरतो.

त्याच बोटांना
न्हाणीत, डाव्या बाजूला, साबणाच्या फेसाखाली
काहीतरी लागलं
आणि बोटांना सांगता येईना.

आधी वाटलं एकच. मग सगळीकडेच,
मोड यायला फडक्यात बांधलेल्या मटकीसारखं.
उजवीकडेही तसंच.
मग परत डावीकडे, काखेच्या अंगाला,
ते एक.
बाकीच्यांत बसलेलं, पण बाकीच्यांतलं नव्हे.

सतरा दिवस कुणाला बोलले नाही.
अठराव्या दिवशी चाळणीपाशी मालन म्हणाली,
"सारखा काखंत हात का घालतीस गं?"

मिरजेच्या मगदूम मॅडमनी पहिल्यांदा विचारलं,
शेवटची पाळी कधी?
मी पिशवीतून दिनदर्शिकेची पानं काढली.
दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीचे गोल.
मागच्या वर्षीपर्यंत घड्याळासारखे.
यंदा आषाढात दोन, मग श्रावण कोरा, भाद्रपद कोरा,
घट बसले त्या दिवशी आली ती
सोनं लुटून झालं तरी होतीच.
मॅडम हसल्या नाहीत. सगळं उतरवून घेतलं.
आईचं कधी थांबलं, असंही विचारलं.
मला माहीत नाही.
एका वर्षी ती वेगळं बसायची बंद झाली, एवढंच.

हात वर. हात कमरेवर. आता आडव्या व्हा.
तीन बोटांच्या पोटांनी, लहान लहान गोल,
गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत,
आधी हलकं, मग दाबून, मग पार बरगडीपर्यंत.
मी पंख्याकडे बघत मनात म्हणत होते, बरोबर.
चिमटीत धरलं की सगळंच गड्डा लागतं.
नव्या पोरींना आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो.

"बाकी गाठाळपणा आहे. जायच्या आधी होतो,
पाळीबरोबर कमीजास्त होतो.
पण या एकासाठी पाळीची वाट बघत बसायचं नाही."

मशीनच्या दोन पाट्या. मध्ये मी, थोडीशी.
श्वास धरा.
धरला.
या अंगाकडे इतकं लक्ष देऊन याआधी दोघांनीच पाहिलं होतं,
तेही दूध येत होतं तोवर.
सोडा.

सोनोग्राफीत काळा गोल. आत पाणी, म्हणाल्या,
सुईनं काढू या.
सुईत आलं ते पिवळं.
मी म्हटलं, हळद!
तेव्हा मात्र मॅडम हसल्या,
आणि माझाच हात धरून तिथं ठेवला. बघा, आता लागतंय?
नव्हतं. सत्तावीस वर्षांत
ढिगातून असं काही नाहीसं झालं नव्हतं.

खाली एक बारकं आहे. तसं काही वाटत नाही,
तरी सहा महिन्यांनी परत बघायचं.
सहा महिन्यांनी म्हणजे पुढचं वर्ष.
ती दिनदर्शिका अजून छापूनही आली नाही.
गोल कुठं करू?
पावतीच्या मागं लिहिलं आणि
पावती डाळीच्या डब्यात ठेवली.

दुपारी, पोत्यांच्या थप्पीमागं,
भाकरी सोडायच्या आधी
मालननं माझी तीन बोटं धरली
आणि पदराखाली नेली.
अगं, मी काय डॉक्टर आहे?
"नव्हंस, म्हाईत हाय. तू फकस्त सांग,
कुठल्या ढिगात."

पैज असती तर डोळे मिटले असते.
हात काढून घेतला, विचारलं,
शेवटची पाळी कधी आली तुझी?

ती मोजू लागली,
पेरांवर, पिवळ्या.